हवा तेवढीच, मी मात्र ढिली

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली जुनी ट्यूब आहे. माझ्या अंगावर चार ठिगळं आहेत आणि मला त्यांची मुळीच लाज वाटत नाही. आठ वर्षं मी टायरच्या आत अंधारात राहिले. परभणी ते झरी हा रस्ता किती वेळा तुडवला असेल, पण त्यावरचं एक झाडसुद्धा मी पाहिलं नाही.

मग नवी ट्यूब आली आणि माझे मालक वीरभद्रअप्पा मला शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर घेऊन आले. त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीला, शिवकन्येला, पोहायला शिकायचं होतं. पहिल्यांदा पाण्यावर पडले तेव्हा वर गोल आभाळ दिसलं. एक राघू ते ओलांडून गेला. पाणी मला हळूहळू फिरवत होतं, आणि मला वाटलं, आता जन्मभर असंच फिरत राहावं.

दिवस मे महिन्याचे होते. अप्पांनी भर दुपारी, तापलेल्या फरशीवर मला पंप मारून टम्म भरलं होतं. पण विहिरीच्या गार पाण्यात थोड्याच वेळात माझं अंग ढिलं पडे. बाहेर उन्हात ठेवलं की मी पुन्हा टम्म दिसे, म्हणून अप्पांच्या ते लक्षात आलं नाही. तीन दिवस त्यांचा हात लेकीच्या पोटाखाली होता. चौथ्या दिवशी त्यांनी तो काढला. शिवकन्या माझ्यावर रेलली, मी मधोमध दबले आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. अप्पांनी तिला लगेच उचललं. पण काठावर बसलेल्या तिच्या आईच्या, उमादेवींच्या, काळजाचं पाणी झालं. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

"ट्यूब पंक्चर हाय," त्या म्हणाल्या. "आता लेकीला हिरीत सोडायचं न्हाई."

पंक्चरवाल्या नागेशनं मला टाकीत बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. तरी तो म्हणाला, "लय म्हातारी झालीय हो. रबरात दम न्हाई." म्हातारी! ते मी अजून विसरलेले नाही. ठिबकच्या नळ्या बांधायला माझ्या पट्ट्या कापायचं अप्पांनी ठरवलं. तेव्हा मात्र मी खरंच घाबरले.

"अप्पा, एक दिस थांबा," शिवकन्या म्हणाली. "ही उन्हात पडली की पुन्हा घट्ट व्हायलीय. पंप तर कुणीच मारत न्हाई. मग हवा येती कुटून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्याभोवती सुतळी घट्ट आवळली आणि मला पाण्यात सोडलं. अर्ध्या तासानं सुतळीखाली तिची दोन बोटं सहज गेली. मला उन्हात ठेवलं, तर सुतळी पुन्हा कचकचीत.

आतली गोष्ट मी सांगते. ऊन लागलं की माझ्या पोटातली हवा हातपाय पसरते, तिला जास्त जागा लागते. गारव्यात ती अंग चोरून बसते. हवा तेवढीच असते, कुठेही जात नाही.

"चूक भरायच्या येळेची हाय, अप्पा," शिवकन्या म्हणाली. "आधी गार करा, मग भरा."

अप्पांनी मला पाण्यात बुडवून ठेवलं आणि मग सावलीतल्या पायरीवर पंप मारला. उमादेवी अडवायला उठल्या. त्यांनी मला एकदा नाही, तीनदा दाबून पाहिलं आणि पुन्हा काठावर जाऊन बसल्या. त्या दिवशी मी शेवटपर्यंत घट्ट राहिले.

दहाव्या दिवशी शिवकन्येनं मला सोडलं आणि एकटी समोरच्या पायरीपर्यंत पोहत गेली. मी मागे रिकामी तरंगत राहिले. फार आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

मित्रांनो, मला भराल तेव्हा गार करून भरा. आणि भरल्यावर उन्हात टाकून जाऊ नका, नाहीतर आतली हवा पसरून मी फुटेन. मला इतक्यात फुटायचं नाही. काल उमादेवींनी पदर खोचला, पहिल्या पायरीवर पाय बुडवून उभ्या राहिल्या आणि लेकीला हळूच म्हणाल्या, "मला बी शिकिव की गं."

उद्या सकाळी त्या माझ्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरणार आहेत.