बालवर्गातली बुटकी खुर्ची

"बुटकी असू दे, पण डुगडुगता कामा नये. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. बोलणाऱ्या होत्या शाळेच्या बाई आणि मान डोलावणारा होता सुतार. मी तेव्हा नुसती काही दांडकी आणि दोन फळ्या होते. सुताराने त्या शब्दांना जागून मला घडवलं. शेवटी मला फरशीवर ठेवून त्याने चारही कोपऱ्यांवर तळहात दाबून पाहिला. मी हलले नाही.

मित्रांनो, मी बालवर्गातली एक जुनी खुर्ची आहे. उंचीने मोठ्या माणसाच्या गुडघ्याखालीच राहते. आता जरा थकले आहे. तरी तुम्हाला माझी हकीकत सांगावीशी वाटते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी माझ्यासारख्या खुर्चीवर बसलेलंच असेल.

आमच्या शाळेत पूर्वी पहिलीपासूनचे वर्ग होते. त्याहून लहान मुलांना जागाच नव्हती. ती थेट पहिलीत यायची आणि निम्मं वर्ष दाराकडे बघून रडण्यात घालवायची. बाईंनी चार वर्षं अर्ज केले. मग एकदाची सरकारची योजना आली आणि बालवर्ग सुरू करायला शाळांना अनुदान मिळू लागलं. आमच्या वाट्याला एक खोली, एक शिक्षिका, एक मदतनीस आणि वीस खुर्च्या आल्या. शिक्षिका अर्थातच बाई झाल्या. मदतनीस म्हणून आली ती मावशी.

खोली म्हणजे अडगळ होती. मोडकी बाकं, गुंडाळलेले नकाशे, कोळ्यांचे संसार. मावशीने तीन दिवस ती झाडली, धुतली आणि मग आम्हा विसांना अर्धगोलात मांडलं. उद्घाटनाला आलेले साहेब अंगाने भरलेले होते. फोटोसाठी ते हौसेने माझ्यावर बसले. गुडघे त्यांच्या कानांपाशी आले. उठायची वेळ झाली तेव्हा दोघांनी हात धरून ओढलं, तर साहेबांबरोबर मीही उठले. सगळ्यांनी हसू गिळलं. मावशीने मात्र तोंडाला पदर लावून खोलीबाहेर धाव घेतली.

त्यानंतर अकरा वर्षं मी काम केलं. पहिल्या दिवशी आईचा हात न सोडणारी मुलं महिन्याभरात माझ्यावर बसून गाणी म्हणू लागायची. एकाने माझ्या पाठीला चावून दातांची रांग उमटवली. एकीला माझ्यावर लिहायची बंदी होती, म्हणून तिने खाली शिरून माझ्या पोटावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर गिरवलं. पालक यायचे, म्हणायचे, आमचं पोरगं घरीही आता एका जागी बसतं. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मावशीचा एक नेम होता. रोज सकाळी मुलं यायच्या आधी ती ओल्या फडक्याने एकेक खुर्ची पुसायची आणि सुताराने दाबला होता तसा चारही कोपऱ्यांवर तळहात दाबायची. डुगडुगली तर पायाला नवं रबर बसवायची. अंगात ताप असला तरी हा नेम चुकला नाही. देवापुढे उभं राहावं तशी ती आमच्यापुढे उभी राहायची, पण त्याविषयी ती कुणाशी कधी बोलली नाही.

खुर्च्या वीस आणि दारावरच्या यादीत नावं दरवर्षी चाळीसच्या पुढे. ज्यांचा नंबर लागत नसे ते पालक यादीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचायचे, जणू वाचून नाव वर सरकणार होतं. यंदा त्या यादीत तेविसावं नाव मावशीच्या नातीचं होतं.

नातीला सगळे बटण म्हणत. ती स्वतःच्या फ्रॉकची बटणं स्वतःच लावायची आणि दर वेळी एक उरायचं. तिची आई, म्हणजे मावशीची लेक, दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या करायची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून बटण दिवसभर तिथल्या घड्यांच्या टेबलाखाली बसून असायची. पुढच्या वर्षी ती पहिलीच्या वयाची होणार, म्हणजे बालवर्ग मिळाला तर यंदाच. दोन महिन्यांपूर्वी तिच्या कोपराला इस्त्रीची वाफ लागली. कातडी सोलवटली.

त्या दिवशी लेक तिला घेऊन थेट वर्गात आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, परक्यांच्या वीस पोरांच्या खुर्च्या पुसतेस. माझ्या एकीला बसायला टेबलाखालची फरशी."

"तिच्या आधी दोन नावं आहेत गं," मावशी म्हणाली. "त्यांनाही आया आहेत."

मावशीने नातीचं कोपर हातात घेतलं, फुंकर घातली आणि सांगितलं, "दुसरा वर्ग उघडणार आहे. तुझी खुर्ची मी आणीन."

दुसऱ्या वर्गाची गोष्ट खरी होती. बालवर्ग वाढवायला नवं अनुदान निघालं होतं. अट एवढीच की पहिला वर्ग भरलेला हवा, आणि आधी दिलेलं साहित्य चांगलं आणि वापरात हवं. ते पाहायला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातून तपासनीस सोमवारी येणार होते.

मावशीला आमची लाज वाटली. दातांचे व्रण, उडालेला रंग, मुलांच्या हातांनी काळपट झालेल्या कडा. रविवारी ती एकटीच शाळेत आली, हिरव्या रंगाचा डबा घेऊन. डबा विसांना पुरेना, म्हणून तिने त्यात तेल ओतलं. एकेकीला वरून, पाठीवर, पायांवर इतक्या मायेने रंगवलं की मला स्वतःचाच हेवा वाटला. उलटी करून पोट तेवढं रंगवायचं तिने सोडलं. तिथे कोण बघणार?

हवा दमट होती आणि तेल जास्त झालं होतं. सोमवारी सकाळी आम्ही चिकटच. मावशी फडकं घेऊन आली आणि माझ्यासमोर हात अधांतरी धरून थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला आम्हाला हात लावता आला नाही. शेवटी आम्हाला भिंतीपाशी ओळीने उभं केलं आणि मुलांना जमिनीवर सतरंजीवर बसवलं.

तपासनीस भले गृहस्थ होते. मुलांशी हसून बोलले. मग त्यांची नजर आमच्यावर गेली. लखलखीत, कोऱ्या, भिंतीला टेकलेल्या वीस खुर्च्या, आणि मुलं खाली. बाईंनी रंगाचं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बाई, प्रत्येक शाळेत तपासणीच्या दिवशी काहीतरी ओलं असतंच." त्यांच्या कागदावर दोनच चौकोन होते, वापरात आहे आणि वापरात नाही. त्यांनी दुसऱ्यात खूण केली. जाताना मला बोट लावलं असतं, तर हिरवं झालेलं बोट बघून तरी थांबले असते. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दिलेलं साहित्य वापरात आढळलं नाही, सबब वर्ग वाढवण्याची गरज दिसत नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. बाईंनी त्याच दिवशी हरकतीचा अर्ज लिहिला, पण तो टपालात टाकला नाही. टपालाने गेला तर गठ्ठ्यात जाईल, हे त्यांना चार वर्षांच्या अर्जांनी शिकवलं होतं.

मावशी सुकली. नेम चालू होता, पण हाताला पूर्वीचा जोर नव्हता. मुदत संपत आली असताना एके सकाळी मी डुगडुगले. पायाचं रबर पाहायला तिने मला उलटं केलं आणि तशीच बसून राहिली.

माझं पोट तिच्यासमोर होतं. तिथे रंग नव्हता. तिथे ते गिरवलेलं अक्षर होतं, पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, वाळून दगड झालेला बिस्किटाचा तुकडा होता. चारही पाय झिजून वाकडे झाले होते आणि त्यावर वेगवेगळ्या वर्षांची रबरं होती, एक काळं, दोन तपकिरी, एक सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं.

"बाई," मावशी म्हणाली, "ही खोटं बोलेल का?"

बाईंनी खाली वाकून पाहिलं. मग त्यांनी अर्ज पाकिटात घातला आणि तिच्या हाती दिला.

मित्रांनो, मला जपा, पुसा, वाटलं तर रंगवाही. रंगावर माझा राग नाही, तो मायेने लावलेला होता. पण ज्या वस्तूने तुमचं ओझं पेललं, तिच्या अंगावरच्या खुणांची लाज बाळगू नका. आमचं बोलणं तेवढंच असतं. आणि आपण खुर्चीवर बसलो असलो तर दाराबाहेरची यादी एकदा वाचून यावी. तिथल्या प्रत्येक नावाला पाय आहेत, आणि ते टेकायला जागा हवी आहे.

आज सकाळी मावशी रोजच्यापेक्षा लवकर आली. एकोणीस खुर्च्या पुसल्या, दाबून पाहिल्या. मला पुसलं, पण पोटाला फडकं लावलं नाही. पाकीट कमरेला खोचलं आणि लेकराला घेतात तसं मला कडेवर घेतलं.

फाटकाशी लेक उभी होती. कामावर जाताना जरा वाट वाकडी करून आली असावी. तिचं बोट धरून बटण, उरलेलं एक बटण हनुवटीशी.

"आजी, खुर्ची कुठे नेतेस?"

"कार्यालयातल्या साहेबांना दाखवायला."

लेकीने माझ्या पायांकडे पाहिलं, मग आईकडे. "लांब आहे गं. जड होईल," एवढंच म्हणाली आणि मावशीच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट करून दिला.

मावशीने मला दुसऱ्या कडेवर घेतलं, फाटकाची कडी लावली आणि कार्यालयाच्या रस्त्याला लागली.