गुंडूचा हात

गुंडूचा हात गुंडूचं ऐकत नाही. पन्नाशीचा बाप्या, डोईला फेटा, मिशीला पीळ, आणि हात मात्र रांगत्या पोराचा. दिसेल त्याला लावायचा.

हा गारगोटीकडच्या इनामदारांचा गाडीवान. बावीस वर्षं त्यांची बग्गी हाकली. औंदा इनामदारांनी घोडी विकली, कुणाची तरी वापरलेली मोटार घेतली आणि गुंडूला ती हाकायला शिकवलं. मोटारीचा रंग पोपडे धरून निघत होता, म्हणून ती कोल्हापुरात आमच्या छपरात आली.

आमच्या घरानं तीन पिढ्या बग्ग्या नि मेणे रंगवले. माझ्या पोराचा, दिलदारचा बाप गेला तेव्हा दारात चार बग्ग्या उभ्या होत्या. गेल्या सालात एकच आली. दिलदार म्हणाला, "अम्मा, ही मोटार दसऱ्याला शिलंगणात चमकली तर बाकीचे मोटारवाले आपल्याकडं येतील. न्हाई चमकली तर मी ब्रश खाली ठेवला."

पोरगं बोलेल ते करणारं आहे.

रोगणाचे सात हात दिले. एक हात द्यायचा, वाळवायचा, घासायचा, मग पुढचा. शेवटच्या हाताला मात्र आठ दिवस कुणी शिवायचं नाही. वरून वाळलेलं दिसतं, पण आत दुधावरच्या सायीसारखं मऊ असतं. ते आठ दिवस राखायचं काम माझं. दिलदारच्या बापाच्या वेळेपासून माझंच.

मी चूल परसात नेली, फोडणीचा धूर नको म्हणून. सलमाला, म्हणजे सुनेला सांगितलं, गोधड्या झटकायच्या तर ओढ्यावर जाऊन झटक. दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली, भुईवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. शेजारची धोंडुबाई हसली, "लालबी, मोटार बाळंत झाली काय गं?"

"व्हय," म्हटलं, "आणि बाळंतिणीला लांबनंच बघायचं असतं. जा."

धोंडुबाई गेली. गुंडू कुठला जातोय? इनामदारांनी त्याला राखणीला ठेवलेलं, छपराची किल्ली त्याच्याच कमरेला. माझंच छप्पर, आणि मी परक्याला विचारून आत जायचं.

तिसऱ्या दिवशी गेले तर मोटारीच्या पुढच्या झाकणावर, रोगणात पंजा उमटलेला. पाचही बोटं, अंगठ्यासकट. गुंडू शेजारीच उभा.

"हे काय रं?"

"थोपटलं, मावशी. रोज सकाळी थोपटायची सवय हाय न्हवं. हात गेला की."

"घोडी हाय व्हय ती?"

"न्हाई," म्हणाला, आणि हळूच पुन्हा हात उचलला. मी हातातल्या फुंकणीनं त्या हातावर फटका मारला.

दिलदारनं सगळं झाकण घासलं, नवा हात दिला. आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. मी गुंडूला बजावलं, हात पाठीमागं बांधून आत जायचं. तो खरंच तसा जायचा, चोरासारखा. पण तोंड थांबायचं नाही. "चंद्री, कशी हायस गं?" चंद्री म्हणजे ती विकलेली घोडी. मी म्हटलं, बोलू दे. बोलण्यानं रोगणाला डाग पडत नाही.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या सकाळी, दसऱ्याला दहा दिवस उरले असताना, दार उघडं दिसलं. आत झाकणावर काळं घोंगडं, नीट कडा ओढून, बग्गीच्या घोड्यावर झूल घालतात तसं.

"गुंडू!"

"राती गार वारं सुटलं, मावशी," तो म्हणाला. "उघडीच हुती. हात न्हाई लावला, तुमची आण! लांबनंच टाकलं."

मी घोंगडं उचललं. ते सरळ उचललं गेलं नाही, चर्र करत सुटलं. खाली लोकरीचे केस चिकटलेले, आणि विणीची नक्षी उठलेली, जशी भाकरीवर फडक्याची उठते.

दिलदार आला, बघितलं, आणि तिथंच ओल्या भुईवर बसला. "झालं, अम्मा. न्हाई जमत."

आयुष्यात मी पोराला असं बसलेलं बघितलं नव्हतं. बाप गेला तेव्हासुद्धा तो उभा होता.

मी बोटं मोजली. आज घासणं, उद्या हात, मग आठ दिवस. शिलंगणाला एक दिवसही हाताशी उरत नव्हता. पण पुरत होतं.

"ऊठ," म्हटलं. "घासायला घे. तुझ्या बापानं याच्याहून वाईट बघितलंय."

तो उठला. मग मी गुंडूकडं वळले. फेटा हातात घेऊन उभा होता, डोळे खाली. त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. पण दयेनं रोगण वाळत नाही. मी हात पुढं केला.

"गुंडू, घोडी असती तर पहिल्याच दिवशी लाथ घालून शिकवलं असतं तुला. हिला लाथ मारता येत न्हाई. दसऱ्यापतुर हिची लाथ मी. इनामदारास्नी सांगायचं तर खुशाल सांग, पण किल्ली हिकडं टाक."