फाटकावरचा हात

मेलं ते फाटक एकदाचं कधी निघतंय, असं मी उठता-बसता म्हणायचे. फाटक म्हणजे सीमेवरच्या नाक्याचा लाल-पांढरा दांडा. आमचे हे तिथेच नोकरीला. उभी हयात दांडा वर करून ट्रकवाल्यांना "चला, चला, पुढे" करण्यात गेली. सवय इतकी, की पाहुणे निघाले तरी दारात उभं राहून तस्साच हात करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लेक दिली पलीकडच्या देशात, एका ट्रकवाल्याला. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण जावई सोन्यासारखे. शिवाय त्यांच्या मालाचे कागद तपासायला नाक्यावर दोन-दोन दिवस लागायचे. लेक ट्रकमधून सोबत यायची आणि कागद सुटेपर्यंत माझ्या ओट्यावर पाय हलवत बसायची. कचेरीतले कारकूनही भले. "फाटकमास्तरांची लेक आलीय" म्हणत जावयांचे कागद मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचे. जावई वैतागायचे, मी गालातल्या गालात हसायचे. फक्त ती निघाली आणि दांडा वर जायला लागला, की मी त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

मग दोन्ही देशांचा करार झाला. मंत्री आले, फीत कापली, "आजपासून आपण नुसते शेजारी नाही, भागीदार आहोत" म्हणाले. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या? मीच! वाटलं, आता लेक मनात येईल तेव्हा येईल.

कसली येतेय! दांडा निघाला, तपासणी गेली, रांग गेली, यांची नोकरीही गेली. जावई एका मोठ्या कंपनीच्या गाडीवर लागले. वाटेत जास्त वेळ थांबलं तर गाडीतलं यंत्र कचेरीत बोंब मारतं, आणि बायकोला सोबत न्यायची परवानगी वर्षातून एकदाच. लेकीचं घर दोन दिवसांच्या वाटेवर, माझे गुडघे हे असे. "आई, आता काय, रस्ता मोकळाच आहे," ती फोनवर म्हणायची. मोकळा आहे ग बाई, मोकळाच आहे.

नात झाली, तीही फोनवरच बघितली.

शेवटी यंदाची परवानगी मिळाली. जावयांनी कळवलं, "जुन्या फाटकापाशी दोन मिनिटं थांबतो. बाळाला तुमच्या हातात देतो."

आम्ही सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभे. यांनी नोकरीतला जुना सदरा इस्त्री करून घातलेला. ट्रक दिसला, हळू झाला. खिडकीत लेक, तिच्या हातात गुंडाळलेलं बाळ. मी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात मागच्या ट्रकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.

भोंगा ऐकला मात्र, यांचा हात वर गेला. "चला, चला, पुढे!"

जावयांना वाटलं, सासऱ्यांना काहीतरी दिसलं असणार, इथे थांबायची बंदी असणार. इतकी वर्षं त्यांनीही तो हात बघितला की गाडी काढलीच होती. काढली. "बाबा, अहो बाबा!" लेक ओरडत राहिली. मला एक पिवळं टोपडं दिसलं, बस्स. मागून ट्रकांवर ट्रक आले. आता वळून यायलाही कुठे जागा नव्हती, आणि कंपनीची गाडी परत जायची ती दुसऱ्याच रस्त्यानं.

"अहो, काय केलंत हे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तोंडाला येईल ते मी बोलले. भर रस्त्यात बोलले. यांचा हात अजून वरच होता आणि ते त्या हाताकडे बघत होते. मग माझाच जीव तुटला. मी तो हात धरून खाली घेतला. गार पडला होता.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट थांबवा."

"थांबवायचा तो दांडा ग," ते म्हणाले. "माझ्या हाताला नुसतं जा म्हणता येतं."