मनकर्णाबाईंचा आराम

आमच्या घरात एक गोष्टीचं पुस्तक शिरलं आणि सासूबाईंच्या जिवावर उठलं.

पुस्तक आणलं माझ्या पोरीनं, संस्कृतीनं, शाळेतून. त्यातली एक गोष्ट तिनं जेवताना मोठ्यानं वाचली. गोष्टीतल्या म्हाताऱ्या आजीला सून गोठ्यात ठेवते, शिळी भाकर देते आणि बिचारी बाजेवर पडून पडून मरते. पुस्तकातल्या सुना मेल्या अशाच, त्यांना दुसरं कामच नसतं. माझा नवरा लखन मात्र ताटावर ढसाढसा रडला. "आपल्या मायचे असे हाल नाही होऊ द्यायचे," म्हणाला. आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही गोठा मीच झाडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा आराम सुरू झाला. मनकर्णाबाई पंच्याहत्तरीच्या, पण मंगरूळपीरच्या बाजारात आमच्या मळ्यातली वांगी आणि मेथी विकायला चाळीस वर्षं त्याच बसत आल्या. लखननं बाजेवर नवी गादी टाकली, उशाशी पंखा लावला. भाकर दुधात कुस्करून. पाणी मागायच्या आत तांब्या हजर. बाजार बंद, माल मळ्यातूनच व्यापाऱ्याला जाऊ लागला.

आधी सासूबाई भांडल्या. मग रुसल्या. मग नुसतं "बरं" म्हणू लागल्या. वीस वर्षांत त्यांनी मला एक दिवस सुखानं राहू दिलं नव्हतं, आणि आता भाजी करपली तरी शब्द नाही. मला भीती वाटायला लागली. लखनला सांगितलं, तर म्हणाला, "माय शांत झाली. आराम मानवला."

महिनाभरानं शिरपूरहून गिरजाबाई आली. बाजारात सासूबाईंच्या शेजारी मिरच्या विकते ती. डोक्यावर पदर, सोबत दोन बाया. दारातूनच तिनं गळा काढला, "मनकर्णे, न सांगता गेली वो माय!" चार बाजार सासूबाई दिसल्या नाहीत, तेव्हा सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं होतं आणि मयताच्या घरी बसायला आल्या होत्या.

मयत बाजेवर उठून बसलं.

गिरजाबाईचा सूर अर्ध्यावर अडकला. मी तोंडाला पदर लावला. लखन तेवढा चिडला. "जित्या मानसाले कायले रडून राह्यल्या?"

"तिले काहून बोलतो?" सासूबाई म्हणाल्या. "बराबर आली ते. त्या गोष्टीतल्या बुढीले बाजेवर टाकलं, मले बी टाकलं. फरक येवढाच, माह्याखाली गादी हाये."

लखनचं तोंड उतरलं. माझं हसूही घशातच राहिलं. खरंच लाज वाटली.

सासूबाईंनी गिरजाबाईकडे मोर्चा वळवला. "माह्या जागेवर कोन बसून राह्यलं?"

गिरजाबाई जमिनीकडे पाहू लागली. "मीच थोड्या मिरच्या पसरवल्या..."

"मंग उचल. येत्या बाजाराले येऊन राह्यली मी."

सासूबाई बाजेवरून उतरल्या, पदर खोचला आणि माझ्यावर कडाडल्या, "अंजू! तोंड काय पाहून राह्यली? ह्या बायाईले चहा कोन मांडन? का थो बी पुस्तकात वाचून मांडशीन?"

मी पळत स्वयंपाकघरात गेले. महिनाभरानं बोलणी बसली होती. गॅस पेटवताना डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.