चौथा टाका

टाके मोजायचं काम मावशींचं. दाढ काढून हिरडी शिवली की किती टाके पडले ते कार्डावर लिहायचं, आणि सातव्या दिवशी पेशंट आला की तितकेच निघाले ना ते बघायचं. सव्वीस वर्षं त्या दवाखान्यात हेच चाललं होतं आणि आकडा एकदाही चुकला नव्हता. मोठे डॉक्टर गेले तरी मावशींनी काम सोडलं नाही, कारण आता खुर्चीशेजारी डॉक्टरांची लेक उभी राहायला लागली होती, आणि त्या पोरीचे दुधाचे दात पडताना मावशींनी पाहिले होते.

मोठे डॉक्टर डावखुरे. त्यांची गाठ उलटी बसायची, तीन वेढ्यांची, आणि आखूड टोकं गालाला टोचतात म्हणून दोरा ते मुद्दाम लांब ठेवायचे. लेक उजव्या हाताची. तिची गाठ दोन वेढ्यांची, आखूड, नीटनेटकी. कुठली कुणाची हे मावशी झोपेतही सांगू शकल्या असत्या.

लेक हुशार होती, त्यात वाद नाही. पण वडील गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्या एका पेशंटचं रक्त घरी गेल्यावर थांबेना, त्याला मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तो आठवड्यात ठणठणीत झाला. हिचा धीर मात्र सुटला तो सुटलाच. शेवटचा टाका घालायची वेळ आली की तिचा हात थरथरायचा, आणि मावशी दुसरीकडे पाहिल्याचं नाटक करायच्या.

मग एके दिवशी मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ टाके काढायला आले. कार्डावर तीन होते. तोंडात निघाले चार. चौथा अगदी मागे, उलट्या गाठीचा, तीन वेढ्यांचा, लांब टोकांचा.

"पहिल्या दिवशी रक्त येत होतं हो," गृहस्थ म्हणाले. "कापसाचे बोळे बदलून वैतागलो. दुपारी चारच्या सुमाराला कुणीतरी हनुवटी धरल्यासारखं वाटलं. डुलकी लागली असेल. जागा झालो तर रक्त बंद."

मावशींना भीती वाटली. पण खोटं कशाला सांगा, त्याहून जास्त त्यांना बरं वाटलं. म्हातारा अजून कामावर येतोय, एवढंच त्यांच्या मनात आलं. लेकीने तो टाका बोळ्यात गुंडाळला आणि कचऱ्यात न टाकता ॲप्रनच्या खिशात ठेवला.

पुढे शिवणकाम करणाऱ्या एका बाई आल्या, मग एक कारकून, मग आणखी दोघं. प्रत्येकाच्या तोंडात एक टाका जास्त. प्रत्येकाला चारच्या सुमाराला हनुवटीवर थंड बोटं जाणवलेली. मावशी आणि लेक दिवसभर एका खोलीत वावरायच्या, पण यावर चकार शब्द काढत नव्हत्या.

आणि मग मावशींचीच दाढ ठणकायला लागली.

मावशींना हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. अशा माणसाची हिरडी शिवताना हात आखडता घेऊन चालत नाही, हे त्या दवाखान्यातल्या भिंतीलाही ठाऊक होतं. खुर्चीत आडव्या पडून, डोळे मिटून, त्यांनी सवयीने दोऱ्याची ओढ मोजली. एक. दोन. तीन. मग कात्री वाजली.

"चार लागतात इथे," मावशी बधिर ओठांनी म्हणाल्या.

"लागतात." लेकीने कार्डावर तीन लिहिले. "मागचा राहू दे. तो पडेल."

"कोण घालणार?"

लेक छापील कागद वाचायला लागली. तासभर बोळा दाबून धरा, तोंड उघडू नका. थुंकू नका. आज चूळ भरायची नाही, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने. गार, मऊ खा. मोठ्या डॉक्टरांनी असा कागद कधी हातात धरला नव्हता. ते हनुवटीला दोन बोटं लावायचे आणि म्हणायचे, "जीभ फार चौकस असते. तिला चार दिवस घरी बसवा."

मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी प्रत्येकाला एक टाका कमी घालत होती. मुद्दाम. थरथरणारा तो शेवटचा टाका ती वडिलांवर सोडून मोकळी होत होती. मावशींना असा राग आला की तोंडात बोळा नसता तर त्यांनी तिथेच चार शब्द सुनावले असते. मेलेल्या बापाला कामाला जुंपणारी लेक त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. तरीही त्या बोळा दाबून मुकाट घरी गेल्या. कारण साधं होतं: मोठे डॉक्टर यावेत असं त्यांनाही वाटत होतं.

घरी नवऱ्याने बर्फाची पिशवी करून दिली. जन्मात कधी चहा न केलेला माणूस, पिशवीला भोक पाडून त्याने अर्धं अंथरूण भिजवलं. दुपारी दोन वाजता बोळा बदलला, अडीचला बदलला, तीनला बदलला. प्रत्येक बोळा लालभडक.

"गाडी बोलावू का?" नवऱ्याने विचारलं. मावशींनी मानेनेच नाही म्हटलं. तो आणखी बर्फ आणायला खाली गेला.

चार वाजत आले. खिडकीत ऊन होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. हनुवटीवर दोन बोटं टेकली.

थंड होती. हातमोज्यांच्या पावडरीचा वास मावशींनी लगेच ओळखला. जबडा आपोआप सैल पडायला लागला. सव्वीस वर्षं त्यांनी त्या दोन बोटांखाली हट्टी माणसांची तोंडं उघडताना पाहिली होती. एक टाका पडला की सुटका. त्यांना रडू आलं. हा माणूस त्यांना फार आवडायचा आणि हे त्यांनी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं.

मावशींनी दात घट्ट आवळले.

"पुरे आता, डॉक्टर," त्या बोळ्याआडून म्हणाल्या. "तिला करू द्या. नाहीतर ती कधीच करणार नाही."

बोटं बराच वेळ तशीच राहिली. मग ती निघून गेली, आणि तोंडात रक्ताची चव वाढली.

पाच वाजता मावशी तोंडाला ओढणी लावून, नवऱ्याच्या आधाराने दवाखान्यात शिरल्या. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा अजून आले नाहीत?"

"आले होते. मी तोंड उघडलं नाही."

लेक स्टुलावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मावशींनी तिला रडू दिलं, पण फार नाही; रक्त वाहतच होतं. "चौथा तू घाल," त्या म्हणाल्या. "माझा जीव तुझ्या हातात देतेय. ऊठ, हात धू."

लेकीने हात धुतले, मोजे चढवले, भुलीचं इंजेक्शन दिलं. मावशी डोळे उघडे ठेवून पाहत होत्या. सुई आत गेली. हात थरथरत नव्हता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि मावशींचा जीव भांड्यात पडला.

दिव्याच्या चकचकीत कडेत त्यांना लेकीचे हात दिसत होते. तिथे सगळं उलटंच दिसणार, म्हणून त्यांनी नजर खाली वळवली आणि प्रत्यक्ष हातांकडे पाहिलं.

सुईचा चिमटा लेकीच्या डाव्या हातात होता. उजव्या हाताची दोन बोटं मावशींच्या हनुवटीवर होती. मोज्यातूनही ती थंडगार लागत होती. दोऱ्याने एक वेढा घेतला, दुसरा घेतला, मग तिसरा. कात्रीने टोकं लांब ठेवली.

रक्त थांबलं. लेकीने नवा बोळा ठेवून मावशींचा जबडा हलकेच मिटवला. तिचे डोळे आनंदाने भरले होते.

"पाहिलंत ना, मावशी? मीच घातला."

मावशींनी बोळ्याआडून काही बोलायला तोंड हलवलं.

"बोलू नका. तासभर तोंड उघडायचं नाही," लेक म्हणाली. छापील कागद टेबलावरच पडून होता. "आणि जीभ फार चौकस असते. तिला चार दिवस घरी बसवा."

मग तिने कार्ड ओढलं, डाव्या हातात पेन घेतलं, आणि तीनावर काट मारून चार लिहिले.