डावा गाल पलीकडे

गळ्यावर वस्तरा असताना माणूस कशालाही हो म्हणतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. म्हणूनच कालव्यावरचा पूल वाचवायला चारशे बारा सह्या मी एकट्याने, दुकानातल्या दुकानात गोळा केल्या. फेस लावायचा, वस्तरा हनुवटीखाली टेकवायचा आणि विचारायचं, "काय, पूल पाहिजे ना?" मान हलवायची सोय नसते, पण "हं" म्हणता येतं. पुसून झालं की पेन पुढे.

पूल तसा काही मोठा नाही. लोखंडी, पायी जायचा. समोरासमोर दोघं आले तर एकाने पोट आत घ्यायचं. पण अलीकडे माझं दुकान, पलीकडे थोरल्या बहिणीचं घर, आणि ताईच्या घरी माझे वडील, आबा. दुकान मूळचं त्यांचंच. हात थरथरायला लागला, एका गिऱ्हाइकाच्या कानाला लागलं, आणि सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या हातातला वस्तरा काढून घेतला. उगाच गोड कशाला बोलू, काढूनच घेतला. तेव्हापासून ते रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी पूल ओलांडून येतात, टोपी खुंटीला अडकवतात, कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालतात आणि माझ्या प्रत्येक कटिंगला नावं ठेवतात. आई गेल्यावर वर्षभर ते घरात कुणाशी बोलले नव्हते. बोलायचे ते दुकानात. पूल गेला तर मोठ्या रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा, आणि आबांचे गुडघे जेमतेम दोनशे पावलांचे. म्हणजे पूल गेला की आबा घरात, भिंतीकडे तोंड करून. मला समाजसेवेची हौस नाही हो. मला फक्त ती टोपी खुंटीला दिसायला हवी होती.

नगरपालिकेने पुलाच्या खांबावर कागद डकवला होता: 'वापर नगण्य, सबब पाडणे.' मी सह्यांचा गठ्ठा घेऊन ॲप्रनसकट तिथे गेलो. साहेब शांत माणूस. भांग डाव्या कानापासून काढून टक्कल झाकलेलं. त्यावर मी एक शब्द काढला नाही, यावरून माझी गरज ओळखा.

साहेबांनी गठ्ठा हातात तोलून बघितला. "सह्या चालत नाहीत. माणसं चालतात. आमच्या मोजणीत दिवसभरात सात माणसं आणि एक कुत्रा."

"कुठल्या दिवशी मोजलंत?"

"सोमवारी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी! अहो, सोमवारी आमचं दुकान बंद. शेजारची पिठाची गिरणीसुद्धा बंद, कारण गिरणीवाल्याला माझ्याशी भांडल्याशिवाय करमत नाही. मग पुलावरून लोकांनी कशाला यायचं, बंद शटर बघायला?

"ठीक आहे, परत मोजू," साहेब म्हणाले. मी हात जोडले. "येत्या सोमवारी. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. तीनशे फेऱ्या भरल्या तर दुरुस्ती, नाहीतर पाडकाम."

"अहो, पण परत सोमवारीच?"

"मोजणी सोमवारीच असते."

आता याला काय म्हणणार! मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. चारशे बारा सहीवाल्यांपैकी आले चार, त्यातले दोघं चहा आहे असं समजून. चहा नाही म्हटल्यावर राहिले दोन, त्यातला एक माझा मेहुणा, बायकोचा भाऊ, दुकानातली दोन नंबरची खुर्ची सांभाळणारा. आमचे निवृत्त मास्तर, ज्यांनी उत्साहाच्या भरात दोनदा सही केली होती, त्यांनी निरोप पाठवला: 'मनाने तिथेच आहे.'

जेवताना मी सगळ्या गावाला शिव्या घालत होतो. बायको म्हणाली, "अहो, वस्तरा गळ्यावर असेपर्यंत लोक तुमचे. उचलला की विसरले."

"तेच तर सांगतोय!"

"मग उचलूच नका ना."

घास हातात तसाच राहिला. तीस वर्षं धंदा मी केला, आणि अक्कल बघा कुणाकडे निघाली.

शनिवारी दुकानावर पाटी लावली: 'वस्तरे धारेला दिले आहेत. दुकान सोमवारी उघडेल.' रविवारचा दिवस म्हणजे आमच्या धंद्याचा राजा, पण रविवारीही शटर खाली. सोमवार उजाडेपर्यंत गल्लीतल्या एकेकाचं तोंड भांडी घासायच्या काथ्यासारखं झालं होतं.

सोमवारी पहाटेच मेहुण्याने दुकानातली दोन नंबरची खुर्ची पाठीवर घेतली आणि पूल ओलांडून पलीकडच्या टोकाला, ताईच्या दारासमोर नेऊन ठेवली. बेत असा: उजवा गाल अलीकडे मी करणार, डावा गाल पलीकडे मेहुणा. साडेसहाला नगरपालिकेचा मोजणीवाला आला, पुलाच्या मध्यावर स्टूल टाकून बसला आणि सात वाजता वहीत पहिली रेघ ओढायला टपून राहिला.

पहिले मास्तर. कामावर जाणाऱ्यांच्या आधी नंबर लावायची त्यांना खोड आहे. मी उजवा गाल असा केला की माशी बसली तर घसरेल. मग कापड झटकलं. "चला, या."

"झालं?" मास्तरांनी आरशात बघितलं. "अरे, आणि हे?"

"डावा गाल पलीकडे. पूल ओलांडा, मेहुणा करून देईल."

"हा काय चावटपणा आहे?"

"लोकशाही आहे, मास्तर. तुम्ही मनाने तिथेच आहात ना? आता गालाने जा."

मास्तरांनी मला जे ऐकवलं ते त्यांनी वर्गात कधी शिकवलं नसणार. पण अर्धी दाढी घेऊन माणूस जाणार कुठे? घरी? नातसुना काय म्हणतील? गेले पाय आपटत. मोजणीवाल्याने रेघ ओढली. एक.

चौथ्या गिऱ्हाइकाचा उजवा गाल चालू होता आणि पलीकडून ताईचा आवाज आला. ताईचा आवाज असा आहे की तिला पूल लागत नाही. "अरे ए! तुझा मेहुणा आडवा झालाय! खुर्ची उतरवताना कंबर चमकली होती, ती आता धरली! उठता येत नाही त्याला!"

तीन अर्धवट माणसं पलीकडे, एक माझ्या हाताखाली, आणि बाहेर रांग. वस्तरा टाकून मी पळालो. मोजणीवाल्याने माझीही रेघ ओढली.

पलीकडे मास्तर खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या मागे आबा उभे होते. आबांनी खिशातून फ्लॅनेलची घडी काढली, उलगडली. आत त्यांचा जुना वस्तरा, मी काढून घेतला त्याच्याही आधीचा. लखलखीत. सहा वर्षं हा माणूस घरी रोज त्याला धार लावत होता, आणि मला पत्ता नाही.

"आबा, नको," मी म्हणालो.

"तू तुझी बाजू बघ."

हात थरथरत होता. मला दिसत होता, मास्तरांनाही दिसत होता. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वस्तऱ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. आबांनी कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि वस्तरा हळूहळू खाली आणला. एक पट्टा साफ. मग दुसरा. मी तिथे उभा राहिलो असतो तर हात पुढे करून वस्तरा परत काढून घेतला असता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून पाठ फिरवली आणि पळत दुकानात आलो. तेवढी एक शहाणपणाची गोष्ट मी त्या दिवशी केली.

आता गंमत ऐका. माझा उजवा गाल चार मिनिटांचा, आबांचा डावा गाल बारा मिनिटांचा. पलीकडे रांग साचली. कंटाळलेले लोक पेपर वाचायला परत अलीकडे यायचे, नंबर जाईल म्हणून परत पलीकडे धावायचे. शिवाय पलीकडे आरसाच नव्हता! दाढी झालेला प्रत्येक जण तोंड बघायला माझ्या दुकानात यायचा, कानाखाली राहिलेला पुंजका सापडला की तणतणत आबांकडे जायचा, आबा तेवढं काढून द्यायचे, आणि तो खात्री करायला परत आरशाकडे. मास्तर एकटे सहा वेळा गेले-आले. अकराच्या सुमाराला नवऱ्यांना शोधायला बायका निघाल्या. गिरणीवाल्याने भांडणाची संधी जाते म्हणून गिरणी उघडली. चौघांच्या गालांवर तुरटी आणि कागदाचे कपटे होते, पण तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी आलं नाही. मोजणीवाल्याची पेन्सिल दोनदा झिजली. दुपारी तो स्वतःच हनुवटी खाजवत आला. "मी गेलो तर मोजायचं का, याबद्दल नियमात काही नाही," म्हणाला. शेवटी स्वतःची अर्धी रेघ ओढून गेला पलीकडे.

सहाला साहेब आले. वहीत सहाशे सत्तेचाळीस आणि अर्धी फेरी. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ही शुद्ध फसवणूक आहे! लोक दाढीसाठी पूल ओलांडत होते!"

"मग कशासाठी ओलांडतात साहेब? पूल आवडतो म्हणून?" माझा आवाज चढला तो चढलाच. "कुणी दळण न्यायला जातो, कुणी दाढी करायला. एक म्हातारा टॉवेलांच्या घड्या घालायला येतो. तुमच्या वहीत त्याची रेघ कधी पडली नाही, कारण त्याच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही मोजायला आलात!"

मागे पन्नास-साठ गुळगुळीत माणसं उभी होती. मास्तर पुढे झाले, कपटा गालावर तसाच, आणि म्हणाले, "मी सही केली आहे. दोनदा." साहेबांनी वही मिटली.

गुरुवारी पत्र आलं. पूल पाडणार नाहीत, दुरुस्त करणार. मी आनंदाने ओरडलो. गिरणीवाल्याने पत्र हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि मागची ओळ वाचून दाखवली: 'दुरुस्तीच्या कामासाठी पूल उद्यापासून तीन महिने बंद.'

घ्या! आमचीच हजामत, तीही बिनपाण्याची. मी तसाच ताईकडे गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो, आबांना कसं सांगायचं ते. आबा दारात, दोन नंबरच्या खुर्चीमागे उभे होते. मेहुणा अजून आडवाच होता, त्यामुळे खुर्ची तिथेच राहिली होती. खुर्चीत मोजणीवाला. बाकावर आणखी दोघं.

मी पत्र वाचून दाखवलं. आबांनी मनगट सोडलं नाही.

"मग खुर्ची राहू दे इथेच," म्हणाले. "आणि येताना आरसा आण. लोक फार किरकिर करतात."

आता रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी मोठ्या रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा घालून तिकडे जातो. सकाळी उजवा गाल स्वतः करतो, डावा तसाच ठेवतो. दिवसभर गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. खुंटी रिकामी असते, ते बघवत नाही. त्यापेक्षा हसलेलं बरं.

आबा कापड बांधतात, मनगट धरतात, आणि माझ्या कल्ल्यांना नावं ठेवत ठेवत बारा मिनिटं घेतात. परवा हनुवटीखाली लागलं. चांगलंच.

"लागलं का रे?" त्यांनी विचारलं.

गळ्यावर वस्तरा होता. "नाही," मी म्हणालो.