अकरा फॉर्मांवरची माझी सही

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी आमच्या गल्लीतले अकरा पुरुष एकाच दिवशी परदेशात जहाजं बांधण्याच्या कामावर गेले, आणि मी एका दुपारीत अकरा जणांची बायको झाले.

निघायच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस फॉर्म घेऊन आला. कामावर माणसाचं बरंवाईट झालं तर पेन्शन कुणाला द्यायची, ते त्यात लिहायचं होतं. "वारसाची सही हवी," तो म्हणाला. "अंगठा तिकडे चालत नाही."

गल्लीत सही येणारी बाई मी एकटीच. बाकीच्या दहा जणी दाराआड सरकल्या.

"आमची ही करेल की," आमचे हे म्हणाले. "अक्षर बघा तिचं, छापल्यासारखं."

मी फुशारले. पाटावर कागद ठेवून अकराही फॉर्मांवर माझंच नाव लिहिलं, खाली झोकदार सह्या ठोकल्या. त्या रकान्यावर 'पत्नी' असं छापलं होतं, पण परक्या भाषेत. आम्हाला कुठलं कळायला? कंत्राटदाराच्या माणसाला कळत होतं, पण त्याला घाई होती.

मग महिन्याला तिकडून अकराही जणांच्या निरोपांची एक कॅसेट येऊ लागली. टेपरेकॉर्डर आमच्याकडे, म्हणून सगळ्याजणी आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसायच्या. त्या अकरांतला वेल्डर भारी लाजरा. बायकोशी बोलायचं तर मलाच सांगायचा, "वहिनी, तिला म्हणावं, खोकल्याचं औषध घे."

त्याच्या बायकोला आम्ही वेल्डरीण म्हणायचो. ती टेपलाच फटकारायची, "मला सांगा ना सरळ! माझे कान काय गहाण पडलेत?"

दुसऱ्या वर्षी वेल्डर परांचीवरून पडला आणि गेला. त्याची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. तीन महिन्यांनी तिकडच्या विमा कचेरीचं पाकीट आलं, ते माझ्या नावानं. शहरातल्या कामगार कचेरीत ते वाचून घेतलं. लिहिलं होतं, मयताच्या पत्नीनं याच कचेरीत समक्ष येऊन सही करावी, पेन्शन लगेच सुरू होईल. पत्नी म्हणजे मी.

सासूबाई म्हणाल्या, "करून टाक सही. महिन्याच्या महिन्याला पैसे तिच्या हातावर ठेव. कागदाला काय कळतंय?"

मी ह्यांना पत्रानं कळवलं, तर पुढच्या कॅसेटमध्ये ह्यांचंही तेच. "मी इथे धडधाकट आहे, तू कागदावर विधवा झालीस म्हणून मला ताप येणार नाही. पण खरं सांगितलंस तर आम्हा सगळ्यांचे फॉर्म रद्द होतील, आणि त्या पोरीच्या तोंडात घास पडायला किती वर्षं जातील, विचार कर."

मी विचार केला. वेल्डरीण गोदामात पोती शिवायला जाऊ लागली होती, सुतळीनं तिची बोटं चिरलेली मी पाहत होते. सही करायची असं मी ठरवलं. तिला विचारलं तर तिनं नुसती मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर आली. कचेरीत लाकडी बाकं, भिंतीला फायलींचे गठ्ठे. चष्मेवाल्या साहेबांनी माझं नाव पुकारलं, कागद पुढे केला. मी पेन उघडलं.

"मयत तुमचे यजमान?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"या वहिनी आहेत, साहेब. बायको मी."

साहेबांनी चष्मा काढला. मी तिचा हात दाबला, "अगं, गप्प बस."

"नाही वहिनी. पैसे मला हवेत. रोज हवेत. पण उद्या ही पोर विचारेल, माझा बाप कुणाचा कोण होता? तेव्हा कागद तुमचं नाव सांगेल. एवढं एक तरी माझं राहू दे."

साहेबांनी माझ्यापुढचा कागद मागे ओढून घेतला. मग म्हणाले, "बाई, फार वेळ लागेल. दोन्हीकडची लिखापढी होईल. सही येते का तुम्हाला?"

"शिकेन."

"आणि या वहिनींनी आणखी कुणाकुणाच्या फॉर्मवर सही केलीय?"

मी खालमानेनं आकडा सांगितला. साहेब हसले नाहीत, याचे उपकार मी अजून मानते.

त्या संध्याकाळपासून आमच्या ओट्यावर शाळा भरली. दहा बाया, एक पाटी. वेल्डरीण पेन्सिल दाभणासारखी मुठीत धरायची. "टोचू नकोस, लिही," मी ओरडायची. "मास्तरीणबाई, तुम्ही अकरा वेळा लिहिलंत तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?" ती म्हणायची, आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. सहा महिन्यांत नऊ जणींनी आपापल्या नवऱ्याच्या नव्या फॉर्मवर आणि वेल्डरिणीनं पेन्शनच्या अर्जावर आपलं नाव लिहून पाठवलं.

वेल्डरिणीची पेन्शन यायला दोन वर्षं आणि सात महिने लागले. तोवर तिनं पोती शिवली, पोर आमच्या घरी वाढली. मला कित्येकदा वाटलं, सही केली असती तर बरं झालं असतं. आजही कधीकधी वाटतं.

सासूबाई शेवटपर्यंत मला मूर्खच म्हणत राहिल्या. चष्मेवाले साहेब निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी वेल्डरिणीच्या फायलीचा नंबर स्वतःच्या हातानं लिहून तिला दिला. आमचे हे नव्वद साली परत आले, कारखान्याच्या ठोकाठोकीनं बहिरे होऊन. गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर 'पत्नी'समोर सही करताना मला आधी दहा जणी आठवल्या, मग हे.

वेल्डरची पोर परिचारिका झाली आणि तीही परदेशी गेली. जाण्याआधी तिनं वारसाचा फॉर्म आणून आईपुढे ठेवला. मी सवयीनं पेन उचललं. वेल्डरिणीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, फॉर्म लेकीकडून आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला, आणि मगच सही केली.